लेकराला एकट्याला नायक करू नका

पालकहो,

आठवी-नववीतल्या लेकराच्या वहीची मागची पानं कधी निवांत चाळून पाहा. गणितं संपतात तिथून बऱ्याचदा दुसरंच जग सुरू झालेलं असतं. आखलेले चौकोन, चौकोनात झगे घातलेली पोरं, हातातून निघणाऱ्या विजा आणि डोक्यावर बोलण्याचे फुगे. या चित्रकथांमध्ये नायक सहसा एकटा नसतो, चार-पाच जणांचा चमू असतो. एकाला उडता येतं, एकीला दिसेनासं होता येतं, एकाला भिंतीपलीकडचं ऐकू येतं. पहिल्या दोन-तीन पानांवर जवळपास ठरलेली गोष्ट असते : ही शक्ती यांना कशी मिळाली आणि ही पोरं एकत्र कशी आली.

ती वही हाती लागली की आपल्या तोंडून पटकन निघून जातं, "अभ्यास सोडून हे काय चाललंय?" माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे, असं म्हणून वही मिटू नका. खाली बसा आणि वाचा. तेरा-चौदा वर्षांचं लेकरू जे आईजवळ बोलत नाही, बाबांसमोर तर मुळीच बोलत नाही, ते अनेकदा या पानांवर सांगून मोकळं होतं.

या कथांचा उगम पाहिला तर मुलं त्यांच्यात इतकी का रमतात ते कळतं. अमेरिकेत १९६२ साली स्पायडरमॅन आला. तोवर किशोरवयीन पोरं चित्रकथांत असत, पण बहुधा मोठ्या नायकाचा हात धरून चालणारी. १९४० साली आलेला बॅटमॅनचा रॉबिन तसाच होता. स्पायडरमॅनची कथा मात्र शाळेत जाणाऱ्या एका पोरक्या मुलाची होती. काका-काकूंनी त्याला वाढवलेलं. अंगी शक्ती आल्यावर त्याने एका चोराला सहज निसटू दिलं आणि त्याच चोराच्या हातून पुढे त्याचा काका गेला. त्याचं नायक होणं या पश्चात्तापातून सुरू झालं.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, स्टॅन ली आणि जॅक कर्बी या जोडीने 'एक्स-मेन' काढलं. चार मुलं, एक मुलगी आणि चाकाच्या खुर्चीत बसलेले त्यांचे प्राध्यापक. या मुलांच्या शक्ती जन्मजात, पण त्या बहुधा उमलतात वयात येताना. त्यांच्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या मुलाच्या डोळ्यांतून विध्वंसक किरण निघतात आणि ते त्याला आवरता येत नाहीत. म्हणून तो सदैव खास भिंगाचा चष्मा लावून वावरतो. पालकहो, क्षणभर थांबून आपल्या घरातल्या मुलाकडे पाहा. आवाज फुटलाय, उंची भसकन वाढलीय, राग कुठून येतो ते त्याचं त्यालाच समजत नाही. आपण पाहिलं की समोरचं काहीतरी मोडतं, अशी भीती बाळगणारा तो मुलगा आपल्या लेकराला आपलासा न वाटला तरच नवल.

१९६४ साली 'टीन टायटन्स' या चमूची पहिली कथा आली, तेव्हा त्या चमूला हे नावही मिळालं नव्हतं. कथा अशी : एका गावात तरुण पोरं आणि मोठी माणसं यांचं वाजलंय. पोरांना जमायला, खेळायला स्वतःची धड जागा हवी आहे आणि मोठ्यांना ते पटत नाही. मग एके दिवशी गावातली सगळी पोरं नाहीशी होतात. मोठ्यांना वाटतं, रुसून पळाली. खरं तर एका दुष्टाने त्यांना पळवून नेलेलं असतं. रॉबिन, किड फ्लॅश आणि अ‍ॅक्वालॅड हे तिघे एकत्र येतात ते त्या पोरांना सोडवायला. किशोरांच्या इतक्या गाजलेल्या चमूची सुरुवात कशापासून झाली पाहा. पोरं संकटात होती आणि मोठ्यांना ती हट्टी वाटत होती. साठ वर्षं उलटली तरी ही गोष्ट घराघरांत घडते. लेकरू जेवत नाही, बोलत नाही, मार्क घसरतात आणि आपण म्हणतो, माजलंय.

आपल्याकडेही ही ओढ जुनी आहे. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स येऊ लागलं आणि जंगलातला वेताळ मराठी घरांत पोचला. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे दिला. सायकल, चपळाई आणि चौकस बुद्धी हीच त्याची शक्ती. त्याने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दाखवून दिलं की गावाकडच्या किडकिडीत पोरालाही नायक होता येतं.

तसंच आपल्या यवतमाळच्या लेकराला वाटायला हवं. आज त्याच्या वहीतला नायक न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवरून उड्या मारतो, कारण नायक तिथेच जन्मतो असं त्याला वाटतं. आपण त्याला एक खेळ देऊ या. समजा, आपल्या जिल्ह्यातल्या चार पोरांचा चमू बनवायचा आहे. झरी-जामणीकडच्या कोलाम पोडावरचा एक मुलगा. रान त्याच्या ओळखीचं आणि पाऊलखुणा वाचण्यात तरबेज. पुसदकडच्या तांड्यावरची एक मुलगी. घरात गोरबोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, म्हणजे कुणाचंही मन तिला उलगडता येतं. वणीच्या कोळसा खाणीजवळ वाढलेला एक जण, ज्याला जमिनीच्या पोटातले आवाज ऐकू येतात. आणि राळेगावकडची एक, जिच्या घरी पऱ्हाटी आहे. पिकावरचं संकट तिला सगळ्यांच्या आधी जाणवतं. यांच्यासमोर खलनायक कोण उभा करायचा? परग्रहावरून आणायची गरज नाही. गुलाबी बोंडअळी आहे, आटलेली विहीर आहे, दारात उभा सावकार आहे. लेकराला हे करू द्या, मग बघा त्याची वही कशी भरते. जी बोली बोलायला शाळेत लाज वाटत होती, जे वावर मित्रांना दाखवायला संकोच वाटत होता, तेच त्याच्या नायकाच्या शक्तीचं मूळ होतं.

आता जरा अवघड गोष्टीकडे येते. या कथांतल्या नायकाची सुरुवात बहुतेकदा जखमेपासून होते. कुणाचे आईबाप गेलेले, कुणाचं घर उद्ध्वस्त झालेलं. आपल्या जिल्ह्याला जखमा शिकवाव्या लागत नाहीत. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या कास्तकाराने १९८६ साली कुटुंबासह जीवन संपवलं, त्यानंतर असे किती उंबरे आपण पाहिले. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच्या पुढच्या वर्षी राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात वाघिणीच्या धास्तीने लोक वावरात जायला घाबरत होते. ही लेकरं हे सारं ऐकत, पाहत वाढली आहेत. मोठी माणसं ओसरीवर कर्जाचं बोलतात तेव्हा ती झोपलेली असतात, असं आपण धरून चालतो. ती जागी असतात.

अशा घरातलं लेकरू मनातल्या मनात स्वतःची नायककथा रचू लागतं. बाबांचं कर्ज मी फेडीन. मायला मी कामाला जाऊ देणार नाही. बहिणीचं लग्न मी करीन. आपणही नकळत त्या कथेला खतपाणी घालतो. "आता तूच आमचा आधार", "तुझ्याकडे पाहूनच जगतो आम्ही", "तू नाही शिकलास तर संपलं सगळं". या वाक्यांमागे माया आहे, मला ठाऊक आहे. पण चौदा वर्षांच्या खांद्यावर ती डोंगरासारखी बसतात. दहावीचा एक पेपर अवघड गेला की त्या लेकराला वाटतं, मी एका विषयात कमी पडलो असं नाही, मी अख्खं घर बुडवलं.

म्हणूनच मला या चित्रकथांतली चमूची गोष्ट फार मोलाची वाटते. एक्स-मेनमधला प्रत्येक जण कुठेतरी अपुरा आहे. एकाचं उणं दुसरा भरून काढतो. अडल्यावर हाक मारणं हीही त्या कथांमध्ये शक्तीच असते. आणि त्या चाकाच्या खुर्चीतल्या प्राध्यापकांना विसरू नका. मुलांच्या पाठीशी एक मोठं माणूस आहे, जे त्यांना लढायला पाठवून स्वतः मोकळं होत नाही. ते घर उघडं ठेवतं, शिकवतं, चुकलं तर परत जवळ घेतं. पालकांनी आपल्यासाठी निवडावी अशी ती भूमिका आहे.

जखमेतून बळ कसं उभं राहतं, हे आपल्याच जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्याचं उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार एकटीने ओढणाऱ्या. त्या भरल्या मंडपासमोर त्या ठामपणे बोलल्या. पण त्याआधी 'तेरवं' या नाटकात त्यांच्यासारखंच दुःख सोसलेल्या बायांसोबत त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. सोबत मिळाली आणि आवाज मोठा झाला. आपल्या मुलामुलींना ही गोष्ट जरूर सांगा. सांगताना त्यातल्या सोबतीवर भर द्या.

मग घरात करायचं काय? वही वाचली की आधी चुका काढू नका. शुद्धलेखन, हात वाकडा, पाय तोकडा, हे सगळं राहू द्या. प्रश्न विचारा. याला कशाची भीती वाटते? हा रात्री कुठे झोपतो? याला राग कधी येतो? याचं गुपित कुणाला माहीत आहे? नायक दमला की कुणाकडे जातो? लेकरू नायकाबद्दल बोलेल आणि तुम्हाला लेकराबद्दल कळेल. उत्तर ऐकताना लगेच उपदेश करू नका, नाहीतर ते दार पुन्हा उघडणार नाही.

त्याच्याबरोबर वाचाही. गावातल्या वाचनालयात, शाळेच्या कपाटात जे मिळेल ते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मोबाइल हातात आहेच, तर तोही असा कामी येऊ द्या. मात्र चित्रकथा म्हणजे सगळ्या लहान मुलांसाठी, असं समजू नका. काहींमध्ये मारझोड आणि क्रौर्य फार असतं. आधी स्वतः चाळा. धाकटी भावंडं झगा बांधून माळवदावरून उडी मारायला जाणार नाहीत, एवढं लक्ष ठेवा. आणि मुलींच्या हातातली वही भाकरी-भांड्यांसाठी आधी काढून घेतली जाते, ते थांबवा. चमूत तिची जागा राखून ठेवायची तर घरात तिचा वेळ राखायला हवा.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना माझा जीव गलबलतो तरी सांगायलाच हवी. लेकराच्या चित्रांत, बोलण्यात वारंवार मरण येऊ लागलं, नायक दर वेळी सगळ्यांसाठी स्वतःला संपवू लागला, लेकरू आवडत्या वस्तू वाटून टाकू लागलं, मित्रांत मिसळेनासं झालं, तर "नाटकं" म्हणू नका. जवळ बसून सरळ विचारा, "तुला जगणं नकोसं वाटतंय का?" विचारल्याने ते विचार वाढत नाहीत, उलट मनावरचं ओझं उतरतं. फवारणीचं औषध घरात मोकळं ठेवू नका, कुलपात ठेवा. एका क्षणाच्या अंधारात हाताशी काय आहे यावर जीव वाचणं अवलंबून असतं. टेलिमानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८ या मदतवाहिन्यांचे दोन्ही नंबर मोफत आहेत. ते तुमच्याही मोबाइलमध्ये असू द्या, कारण दमलेल्या आईबापांनाही हाक मारायचा हक्क आहे. तुम्ही मदत मागताना लेकराला दिसलात, तर तेही मागायला शिकेल.

या रविवारी लेकराला एक काम द्या. त्याच्या चमूत एक नवं पात्र घालायला सांगा : चाळिशीतलं, उन्हात रापलेलं, कुठलीच अचाट शक्ती नसलेलं, पण अडीअडचणीला हमखास घरी सापडणारं. त्याचं नाव काय ठेवायचं ते त्यालाच ठरवू द्या. आणि ते वाचून झाल्यावर त्याला स्पष्ट शब्दांत सांगा, "घराचं कर्ज, घराची चिंता आम्हा मोठ्यांची आहे. तुझं काम शिकायचं, खेळायचं आणि अडलं की आम्हाला हाक मारायचं." हे एकदा सांगून भागणार नाही. पेरणीला, वेचणीला, निकालाच्या दिवशी, दर हंगामात पुन्हा सांगावं लागेल. सांगत राहा.