किरणांचा विटाळ होत नाही

आरोग्याच्या पानावर या वेळी अणुभट्टी कशाला, असं काही घरांतून विचारलं जाईल. पालघरकडचे वाचक विचारणार नाहीत. तारापूरचं केंद्र १९६९ पासून त्यांच्या शेजारी आहे. पण आज आम्ही जपानबद्दल लिहितो आहोत. अपघात झाल्यावर शाळेत मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न तिथे प्रत्यक्ष उभा राहिला आणि त्याची झळ मुलांनाच लागली.

११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामीमुळे फुकुशिमा दाइइची केंद्राची वीज गेली, भट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. किरणोत्सारी आयोडीन आणि सिझियम वाऱ्यावर पसरलं, पावसाबरोबर खाली आलं. छपरांवर, शेतात, शाळेच्या मैदानात बसलं. त्यातलं आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे काही महिन्यांत संपतं. सिझियम-१३७ निम्मं व्हायलाच ३० वर्षं लागतात.

जपानमध्ये शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. शिक्षण मंत्रालयाने १९ एप्रिलला तात्पुरती मर्यादा जाहीर केली. मैदानात तासाला ३.८ मायक्रोसिव्हर्टपेक्षा कमी किरणं असतील तर मुलांनी खेळायला हरकत नाही. हा आकडा वर्षाला २० मिलिसिव्हर्ट धरून काढला होता. एरवी सामान्य माणसासाठी मर्यादा आहे वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. सरकारचेच एक सल्लागार, प्राध्यापक तोशिसो कोसाको, यांनी लहान मुलांना हा आकडा लावणं पटत नाही म्हणून राजीनामा दिला. फुकुशिमातले आईबाप मंत्रालयाच्या दारात जाऊन बसले. मे संपता संपता मंत्रालयाने १ मिलिसिव्हर्टचं उद्दिष्ट मान्य केलं आणि मैदानांवरची वरची माती काढायला पैसे द्यायचं ठरवलं.

आता पुस्तकांकडे येऊ. अपघाताआधी शाळांत अणुऊर्जेची कौतुकाची पूरक पुस्तकं वाटली होती. मोठा भूकंप आणि त्सुनामी आली तरी केंद्र टिकेल, असं त्यांत होतं. अपघातानंतर ती गुपचूप मागे घेतली गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये नवी पुस्तकं आली, खास किरणोत्सर्गावर. त्यांत काय होतं? किरणं निसर्गातही असतात, अन्नात असतात, दवाखान्यात उपयोगी पडतात. यातलं काही खोटं नाही. पण ज्या अपघातामुळे पुस्तक काढावं लागलं, त्याचा उल्लेख जेमतेम प्रस्तावनेत. ज्या मुलाचं घर सुटलं, ते मूल हे पुस्तक उघडून काय वाचणार?

फुकुशिमा विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांना हे पटलं नाही. त्यांनी २०१२ मध्ये स्वतःची पुस्तिका काढली. जपानी भाषेत अणुशक्तीला ‘गेन्शिर्योकु’ म्हणतात. त्यांनी त्याच उच्चाराचा दुसरा शब्द बनवला, अर्थ ‘विचारशक्ती कमी होणं’. मुलांची विचारशक्ती कमी होऊ नये म्हणून ही पुस्तिका, असं त्यांनी मुखपृष्ठावरच म्हटलं. सरकारी पुस्तकात अपघाताला मोठी जागा मिळाली ती २०१४ च्या आवृत्तीत.

तोवर दुसरीकडे वेगळंच चाललं होतं. घर सोडून दुसऱ्या शहरांत गेलेल्या फुकुशिमाच्या मुलांना वर्गात छळलं जात होतं. योकोहामातल्या एका मुलाचं प्रकरण २०१६ मध्ये उघडकीला आलं. त्याला ‘जंतू’ म्हणून हाक मारायचे आणि तुम्हाला भरपाई मिळाली आहे ना, म्हणून त्याच्याकडून पैसे उकळायचे. मग देशभर चौकशी झाली, तेव्हा अशा मुलांच्या छळाची १९९ प्रकरणं पुढे आली. २०१८ च्या पुस्तकात किरणोत्सर्ग एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही, हे ठासून सांगावं लागलं. सात वर्षांनी!

ही गोष्ट मुलांना समजावणं अवघड नाही. चुलीसमोर बसलं की धग लागते. उठून शेजारणीला मिठी मारली तर तिला चटका बसत नाही. ती धग म्हणजे किरणं. चुलीतली राख अंगावर उडाली तर मात्र ती आपल्याबरोबर जाते, दुसऱ्याच्या कपड्याला लागू शकते. अंघोळ केली, कपडे बदलले की जाते. ती राख म्हणजे किरणोत्सारी धूळ. पहिल्या दिवसांत लोकांची तपासणी करून धूळ धुऊन काढणं बरोबरच होतं. काही वर्षांनी शंभर कोसांवरच्या वर्गात त्या मुलापासून लांब सरकण्याला काहीही आधार नाही. राख पोटात जाणं वाईट, म्हणून अन्न तपासायचं. जपानने एप्रिल २०१२ पासून सिझियमची मर्यादा किलोमागे १०० बेकरेल केली, दुधासाठी ५०.

आपल्याकडेही हा गैरसमज आहे. कॅन्सरच्या पेशंटला मशीनवर शेक दिला की घरात त्याचं ताट-पेला वेगळा काढलेला आम्ही पाहिला आहे. वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या घरांना कोणी समजावायला नको. मशीनवरून शेक घेतलेल्या किंवा एक्स-रे काढलेल्या माणसाच्या अंगातून किरणं बाहेर येत नाहीत. एक्स-रे काढलेल्या आईने बाळाला खुशाल दूध पाजावं. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या पेशंटची गोष्ट वेगळी. त्याने डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून लांब राहायचं, मग संपलं.

आम्हाला सगळ्यात आवडलेला धडा कुठल्या पुस्तकातला नाही. २०१४ मध्ये फुकुशिमा हायस्कूलच्या मुलांनी किरणं मोजणारं छोटं यंत्र दोन आठवडे अंगावर बाळगलं. ते दर तासाची नोंद ठेवतं. मुलांनी आपण त्या तासाला कुठे होतो हे वहीत लिहिलं. जपानच्या इतर भागांतल्या, फ्रान्स, पोलंड आणि बेलारूसमधल्या मुलांनीही तेच केलं. एकूण २१६ विद्यार्थी आणि शिक्षक. मांडून पाहिलं तर त्या भागात राहणाऱ्या मुलांचे आकडे इतर ठिकाणांसारखेच निघाले, वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा कमी. मोकळं केलेल्या गावांना हे लागू नाही, पण या मुलांना आपल्या अंगावरचा आकडा स्वतः कळला. कोणी ‘घाबरू नका’ म्हणून नव्हे.

ओढाताण अजून चालू आहे. २०२१ च्या शेवटी केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडण्याबद्दलची सरकारी पत्रकं थेट शाळांत पाठवली गेली. स्थानिक शिक्षण मंडळांना आधी विचारलं नव्हतं. फुकुशिमा, मियागी आणि इवातेमधल्या काही गावांनी ती मुलांना वाटलीच नाहीत. पाणी सोडायला सुरुवात झाली ऑगस्ट २०२३ मध्ये.