कॉम्प्युटर हुकलं? खारं पाणी बघा

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागली की फोन सुरू. ‘सर, कॉम्प्युटर हुकलं, केमिकल मिळतंय. वर्ष ड्रॉप करू का?’ करू का म्हणणारे असतात बाबा. मुलाकडे फोन द्या म्हटलं, की पलीकडे कुजबुज. डेटा सायन्सची पाटी आहे पण शिकवायला माणसं नाहीत, अशा कॉलेजात लाखो रुपये भरून जागा अडवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आयटी, स्पर्धा परीक्षा, परदेश यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी सांडपाण्यातल्या मिठाबद्दल बोलतो.

सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ घालतात. रंग बराचसा कापडात जातो, मीठ पाण्यातच राहतं. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधले (ईटीपीतले) जिवाणू त्याला हात लावत नाहीत. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये हे पाणी वर्षानुवर्षं नोय्यल नदीत गेलं, खालची शेती खारावली. 2011 च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथली शेकडो डाय हाऊस बंद करायला लावली. आता तिथं आरओतून पाणी पुन्हा रंगकामाला येतं, उरलेलं खारं पाणी (रिजेक्ट) आटवून मीठही परत वापरतात. आपल्याकडे इचलकरंजीची प्रोसेस हाऊस आणि पंचगंगा नदी यांचं भांडण काही आजचं नाही.

पाणी आणि मीठ परत मिळवायच्या या कामाला डोकं लागतं. मेम्ब्रेनवर कॅल्शियम, सिलिका बसली की दाब चढतो, पाणी घटतं. प्लांट आजच थांबवून केमिकल वॉश द्यायचा, की उत्पादन चालू ठेवून मेम्ब्रेनचं आयुष्य घटवायचं? सल्फेट आणि क्लोराइड नॅनोफिल्ट्रेशनने वेगळे काढता आले, तर मीठ डाय हाऊसला उपयोगी पडतं. मिश्र निघालं तर घातक कचरा म्हणून पैसे मोजून तळोजा नाहीतर रांजणगावला धाडायचं. हा फरक ज्याला कळतो, त्याला कारखानदार सोडत नाही.

केमिकलचा डिप्लोमा, बी.टेक., केमिस्ट्रीतली बी.एस्सी., कुठूनही या कामात शिरता येतं. संशोधनाची ओढ असेल तर मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) आहे, मेम्ब्रेनसाठी भावनगरची मीठ आणि सागरी रसायनं संशोधन संस्था (सीएसएमसीआरआय) आहे. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी, शिफ्ट, एमआयडीसीतली खोली. हे लपवत नाही. ‘लोकांना काय सांगायचं, मुलगा गटाराचं काम करतो?’ असं एका आईने विचारलं होतं. लोक फी भरणार आहेत का, बाई?

पुढच्या राउंडचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी परवानगी काढून मुलाला जवळच्या सामायिक सांडपाणी प्लांटमध्ये (सीईटीपीत) घेऊन जा. वास सोसला नाही तर नाव काढू नका. मात्र आत त्याला एकट्यालाच जाऊ द्या. बाबांनी गाडीत बसावं.