लेकरू न्यायचे की ठेवायचे?

दसरा झाला. सोयाबीन निघाले. खळ्यावरचे भुसकट वाऱ्यावर उडू लागले. अशा वेळी सेनगाव, कळमनुरी, औंढा या भागांतल्या पुष्कळ घरांत एकच बोलणे चालते. मुकादम येऊन गेला का? उचल किती दिली? ट्रॅक्टर कोणत्या दिवशी येणार? हे सारे पुरुषमाणसे ओट्यावर बसून ठरवतात. मग रात्री भाकरी थापता थापता बाई नवऱ्याला हळूच विचारते, "अन् धाकट्याचं काय करायचं?"

हा धडा त्या प्रश्नाचा आहे. धाकटा म्हणजे दीड-दोन वर्षांचे, नुकते चालायला लागलेले लेकरू. मोठा शाळेत जातो, तो आजीजवळ राहील. अगदी तान्हे असेल तर ते आईसंगेच जाईल, त्यात विचारायचे काही नाही. अडचण होते ती या मधल्याची.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. तालुके पाच. वसमतकडे सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचे पाणी पोचते, तिकडे ऊस आहे, हळद आहे. बाकी बराच भाग पावसावरचा. खरीप निघाले की हाताला काम नाही. म्हणून माणसे सातारा, सांगली, कोल्हापूरकडे, कर्नाटकातही ऊस तोडायला जातात. कोणी वीटभट्टीवर जातात, कोणी पुण्याला, हैदराबादला बांधकामावर जातात. चार महिने, पाच महिने, कधी सहा.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हा शब्द नीट समजून घ्या, कारण सारी अडचण त्यात आहे. उचल जोडीवर मिळते. ती फेडायची तर दोघांनी राबावे लागते. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ही चांगली गोष्ट झाली. पण दर टनावर आहे. लेकराला ताप आला म्हणून बाई कोपीवर बसली, तर तेवढे टन कमी होतात, वर खाडा पडतो. मुकादमाच्या वहीत कोयते लिहिलेले असतात. लेकरे लिहिलेली नसतात. पण कोयत्यामागे ती जातातच.

मग न्यायचे का ठेवायचे? आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत होतो. दिवाळीनंतर वर्ग कसा रिकामा होतो ते पाहिले आहे. आमचे मत असे आहे. लेकरू दोन वर्षांच्या आतले असेल आणि अंगावर पीत असेल, तर ते आईजवळच राहावे. सहा महिने नुसते आईचे दूध, आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत तरी अंगावर पाजावे, असे जगभरचे डॉक्टर सांगतात. उन्हातान्हात, परक्या पाण्यावर, ते दूध लेकराचे मोठे बळ आहे. दोन-अडीच वर्षांच्या पुढचे असेल, आणि घरी धडधाकट आजी किंवा मावशी असेल, तर ठेवायला हरकत नाही. पण आजीला डोळ्यांनी दिसत नसेल, किंवा तिच्याजवळ आधीच चार नातवंडे असतील, तर तिच्यावर पाचवे टाकू नये. "आजी हाय की" एवढे म्हणून भागत नाही. आजीला जमते का, हे आजीला विचारावे लागते. बहुतेक घरांत तेवढेच राहून जाते.

ठेवायचे ठरले तर लेकराच्या मनाचाही विचार करा. लहान पोराला काय कळते, असे आपण म्हणतो. त्याला पुष्कळ कळते, फक्त सांगता येत नाही. इंग्लंडमध्ये १९५२ साली जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाने एक चित्रपट काढला. अडीच वर्षांच्या आतबाहेरची एक मुलगी. तिला आठ दिवस दवाखान्यात ठेवले होते. त्या काळी तिथल्या दवाखान्यांत आईबापांना लेकराजवळ राहू देत नसत, थोडा वेळ भेटू देत. अशी लेकरे आधी रडतात, आईला हाका मारतात. मग गप्प होतात. नर्सबाई म्हणत, "आता रमले." रॉबर्टसन म्हणाला, हे रमणे नव्हे. लेकराने आशा सोडली, म्हणून ते गप्प झाले. पुष्कळ डॉक्टरांना हे आधी पटले नाही. पण १९५९ साली तिथल्या सरकारी समितीने सांगितले, की आईबापांना लेकराला हवे तेव्हा भेटू द्यावे. ही आठ दिवसांची गोष्ट. आपले लेकरू पाच महिने वाट पाहते.

सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर आम्ही एका वर्षी पाहिले. पट्टा पडला, ट्रक आला, माणसे उतरली. एक बाई डोक्यावरचे बोचके टाकून धावतच घराकडे गेली. तिचे दोन वर्षांचे पोरगे आजीच्या लुगड्याआड लपले. तिने हात पुढे केला तसे ते किंचाळू लागले. बाईचा चेहरा पांढरा पडला. शेजारणी हसल्या, "वळखलं न्हाई गं माय तुला." बाईने त्याला ओढले नाही. ती अंगणात बसली आणि शेंगा फोडू लागली. दुसऱ्या दिवशीही तशीच बसली. पोरगे लांबून बघायचे. तिसऱ्या दिवशी ते आले, तिच्या पुढ्यातला एक दाणा उचलला, तिच्या हातावर ठेवला आणि पुन्हा पळाले. त्या बाईला कोणी शिकवले नव्हते. पण तिने केले ते अगदी बरोबर केले. ओळख विसरलेल्या लेकराला ओढून घेऊ नये, मारू नये, "आता मी तुझी कोणी न्हाई का" म्हणून रागावू नये. त्याच्या डोळ्यांपुढे बसावे. आजीलाही लगेच बाजूला करू नये, नाहीतर लेकराची दुसऱ्यांदा ताटातूट होते.

जातानाही काही गोष्टी करता येतात. झोपेत टाकून पळू नका. सकाळी उठल्यावर आई नाही, हे लेकराला फार लागते. मग ते आजीलाही झोपताना सोडत नाही. रडू द्या, पण सांगून निघा. आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी त्याच्या अंगावर ठेवा. ती धुऊन ठेवू नका, तिला आईचा वास असू द्या. फोन असेल तर रोज एकाच वेळेला बोला. "होळी झाली की येतो" हे दोन वर्षांच्या पोराला कळत नाही. त्याच्याशी आज काय खाल्ले, शेळी व्याली का, असे बोला. ते काही बोलले नाही तरी बोला. ते आवाज ऐकत असते.

आता न्यायचे ठरले असेल तर. फडावरचा दिवस आम्ही सांगायला नको, तुम्हीच आम्हाला सांगाल. पहाटे तीनला उठणे, चूल, भाकरी, मग अंधारात फड. लेकराला बांधावर पाचटावर निजवायचे, नाहीतर झोळी बांधायची. थोरली पोरगी असेल तर ती राखण करते. ती सहा-सात वर्षांची असते, आणि तिचीही शाळा बुडालेली असते.

फडावर लेकराला सर्वांत मोठे भय ट्रॅक्टरचे. ट्रॅक्टर मागे घेताना चालकाला खालचे लेकरू दिसत नाही. पाचटाच्या ढिगात निजलेले तर मुळीच दिसत नाही. म्हणून गाडी हलण्याआधी मोठ्याने हाक द्यायची, आणि सगळी पोरे मोजायची, अशी टोळीची रीत पाडा. निजलेल्या लेकराजवळ काठीला लाल फडके बांधून उभे करा. दुसरे भय पाण्याचे. विहिरीला कठडा नसतो, कालवा जवळ असतो. चालायला लागलेले लेकरू पाण्याकडे ओढ घेते. तिसरे आगीचे. कोपीत चूल जमिनीवर, भोवती पाचट. जुन्नर, शिरूर, आंबेगाव या भागांत बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्ले घालतो. तिकडे गेलात तर अंधारात लेकराला एकटे बाहेर बसवू नका, प्रातर्विधीला सुद्धा नाही.

आणि एक. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाणी भरायला घेऊ नये. डबा चांगला दिसतो, झाकण घट्ट असते, मोह होतो. घेऊ नये. लेकरू गप्प निजावे म्हणून अफू किंवा दारूचा थेंब देण्याची चाल कुठे कुठे अजून आहे. त्याने लेकराचा श्वास कायमचा थांबू शकतो.

खाण्याचे सोपे आहे, पण वेळ लागतो. एक वर्षाच्या लेकराने आईच्या निम्मे तरी जेवावे. त्याला ताट वेगळे द्या, म्हणजे त्याने किती खाल्ले ते दिसते. भाकरी डाळीत कुस्करून, वर तेलाचा चमचा. शेंगदाण्याचा कूट, गूळ, अंडे मिळाले तर अंडे. पोट लहान, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा. पहाटे करून ठेवलेले दुपारी आंबते, ते देऊ नका. त्याऐवजी मुरमुरे, फुटाण्याचे पीठ, केळे जवळ ठेवा.

हगवण लागली तर पाणी बंद करू नये, वाढवावे. जलसंजीवनीची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा. अर्धी पुडी अर्ध्या पाण्यात, असे अंदाजाने करू नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. बरोबर झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात. हगवण थांबली तरी त्या पुऱ्या कराव्यात. लेकराचे डोळे खोल गेले, ते पाणीही पीत नाही, उठवले तरी उठत नाही, तर फड सोडून दवाखाना गाठा. १०८ क्रमांकाची गाडी पैसे घेत नाही.

अंगणवाडीबद्दल एक गैरसमज आहे. पुष्कळ बाया म्हणतात, आमचे नाव गावाकडच्या अंगणवाडीत आहे, इथे कोण देणार? तसे नाही. ज्या गावच्या शिवारात तुमची टोळी उतरली, तिथल्या अंगणवाडीत लेकराचे नाव घालता येते. २०२१ पासून ताई मोबाइलवर 'पोषण ट्रॅकर' मध्ये नावे लिहितात. एका गावचे नाव दुसऱ्या गावी नेता येते. तिथे वजन होते, दंडाला पट्टी लावून लेकरू वाळले आहे का ते पाहतात, तीन वर्षांच्या आतल्या लेकराला घरी नेण्याचा आहार मिळतो. लसही कोणत्याही सरकारी दवाखान्यात फुकट आहे. नऊ महिन्यांनंतरची आणि दीड वर्षाच्या सुमाराची गोवराची लस बहुधा याच हंगामात चुकते. रेशनचे धान्यही आता दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही त्याच कार्डावर उचलता येते. थोडे आजी गावी उचलील, थोडे तुम्ही तिकडे.

'अंगणवाडी' हा शब्द कुठून आला, माहीत आहे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन बायांनी १९४५ साली बोर्डी इथे काम सुरू केले. बोर्डी आता पालघर जिल्ह्यात आहे. गरिबांची लेकरे शाळेत येईनात. तेव्हा या बायांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा नेली. ती कुरणशाळा. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने अंगणवाड्या देशभर काढायला सुरुवात केली. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली बांधकामाच्या जागेवरच मजूर बायांच्या लेकरांसाठी पाळणाघर काढले. काम हलले की पाळणाघरही हलायचे. आपल्या फडाला असेच काही हवे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पुष्कळ बाया कामाला असतील तिथे पाळणाघर ठेवायला सांगितले होते. पण साखर कारखान्याचा ऊस भिंतीबाहेर तोडला जातो, म्हणून पाळणा भिंतीच्या आत आणि लेकरू बांधावर, असे झाले. तोवर टोळीनेच एक म्हातारी बाई बरोबर न्यावी. सगळ्या कोयत्यांनी मिळून तिला मजुरी द्यावी. दहा जोड्यांत एका बाईची मजुरी कोणाला जड नाही. उचल घेतानाच मुकादमाशी हे बोलून घ्यावे. नंतर तो ऐकत नाही.

आता पाटी-पेन्सिल घ्या. खालची चिठ्ठी आधी वाचा, मग आपल्या लेकराची लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल, पण दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका.

लेकराचे नाव ........
आईचे नाव ........ बापाचे नाव ........
गाव ........ तालुका ........ जिल्हा हिंगोली
जन्माची तारीख ........
निघताना वजन ........ किलो
शेवटची लस ........ तारीख ........
पुढची लस कधी ........
गावच्या अंगणवाडी ताईचा फोन ........
आजीचा फोन ........
लेकराला काय सोसत नाही ........

अशा दोन चिठ्ठ्या करा. लेकरू बरोबर असेल तर एक लसीच्या कार्डासंगे प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी धान्याच्या पोत्यात नव्हे, कपड्याच्या बोचक्यात ठेवा. दुसरी आजीजवळ राहू द्या. लेकरू घरी ठेवले असेल, तर आजीच्या चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहा: आम्ही कोणत्या गावच्या शिवारात आहोत, आणि मुकादमाचा फोन. टोळी हलली की आजीला फोन करून ती ओळ बदलायला सांगा. आजीला लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणारा थोरला लिहील.