शाळेतील यंत्रे आणि मुख्याध्यापकांचे वेळापत्रक

शाळेत नवे यंत्र येते तेव्हा गावात उत्साहाचे वातावरण असते. पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन होते, नारळ फुटतो, मुले टाळ्या वाजवतात. त्यानंतर सहा महिन्यांनी ते यंत्र किती मुलांच्या हाती येते, आठवड्यातून किती तास येते आणि कोणत्या कामासाठी येते, या प्रश्नाचे उत्तर मात्र शाळेगणिक वेगळे मिळते. यंत्र तेच, अभ्यासक्रमही तोच. तरी एका शाळेत मुले पुढे जातात आणि दुसऱ्या शाळेत यंत्र कपाटात राहते. हा फरक बहुतांशी मुख्याध्यापकांच्या नियोजनातून पडतो.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम राज्यातील वर्गांनी पूर्वीच ऐकले. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ची स्थापना झाली आणि दूरदर्शनवरून शालेय कार्यक्रम मुलांपर्यंत पोहोचू लागले. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी केंद्र शासनाने ‘दीक्षा’ हे अध्ययन साहित्याचे व्यासपीठ सुरू केले. साधने अशी बदलत गेली. त्या साधनांचा तास कोणी, केव्हा व कसा घ्यायचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी शाळेलाच सोडवावा लागला.

वडोदऱ्याचा अनुभव

या प्रश्नाचा काळजीपूर्वक अभ्यास शेजारच्या गुजरात राज्यात झाला आहे. २००० मध्ये तेथील शासनाने वडोदरा शहरातील महानगरपालिकेच्या १०० प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. संगणक आले, परंतु मुलांकडून त्यांचा वापर फारसा होत नव्हता. पुढे ‘प्रथम’ या संस्थेने इयत्ता चौथीसाठी गणिताचा कार्यक्रम आखून दिला. प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोन तास मिळत. त्यांपैकी एक तास शाळेच्या वेळेत व एक तास शाळेपूर्वी किंवा शाळेनंतर असे. एका संगणकावर दोन मुले बसत. गणिताचे खेळ मुलाच्या उत्तरांनुसार सोपे अथवा कठीण होत जात.

या उपक्रमाचे मूल्यमापन करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो हे अर्थतज्ज्ञ होते. या दोघांना पुढे २०१९ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. उपक्रम असलेल्या शाळांतील मुलांचे गणित पहिल्या वर्षी ०.३५ व दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाने सुधारल्याचे आढळले. सोप्या भाषेत सांगायचे तर, शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभे असलेले मूल दुसऱ्या वर्षीच्या प्रगतीमुळे साधारणतः अडुसष्टाव्या स्थानावर जाईल, इतका हा फरक आहे. संगणक तेच होते. वेळ ठरली, काम ठरले आणि देखरेख ठरली, एवढाच काय तो बदल झाला होता.

याच अभ्यासाची आणखी दोन निरीक्षणे तितकीच महत्त्वाची आहेत. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात त्याचा बहुतेक लाभ ओसरला. शिवाय मुंबई व वडोदरा येथे मागे पडलेल्या मुलांना शिकवण्यासाठी वस्तीतील तरुणींना ‘बालसखी’ म्हणून नेमण्यात आले होते. त्या उपक्रमाचा दर मुलामागील खर्च संगणकाच्या खर्चाच्या सुमारे एक सप्तमांश होता आणि खर्चाच्या हिशोबाने तोच सरस ठरला. तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी, तेच काम एखादी प्रशिक्षित व्यक्ती कमी खर्चात करू शकेल काय, याचा विचार करणे योग्य ठरते.

भर की बदली?

गुजरातमध्येच ली लिंडेन या संशोधकाने एका स्वयंसेवी संस्थेच्या शाळांत आणखी एक अभ्यास केला. त्यात संगणकाचा तास दोन प्रकारे ठेवण्यात आला होता. एका प्रकारात मुलांना नेहमीच्या अध्यापनाच्या वेळेतून उठवून संगणकाकडे नेले जाई. दुसऱ्या प्रकारात शाळेच्या वेळेबाहेर जादा तास असे. पहिल्या प्रकारात मुले एरवी जेवढे शिकली असती त्याहूनही कमी शिकली. दुसऱ्या प्रकारात त्यांची प्रगती झाली, आणि ती अभ्यासात कच्च्या असलेल्या मुलांत अधिक दिसली.

कोणताही मुख्याध्यापक हा निष्कर्ष आपल्या शाळेच्या वेळापत्रकाशी ताडून पाहू शकतो. चांगल्या शिक्षकाचा तास काढून त्या जागी पडदा लावला, तर मुलांचे नुकसान संभवते. शिक्षकाच्या तासाला जोड म्हणून तेच साधन आले, तर लाभ होतो. ही निवड पुरवठादार करीत नाही, मंत्रालयातूनही होत नाही. ती शाळेच्या भिंतीवरील वेळापत्रकात होते.

केवळ वाटपाने काय साधते, याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात मिळते. तेथे ग्रामीण भागातील मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप देण्यात आले. ३१९ शाळांच्या अभ्यासात, सुमारे १५ महिन्यांनंतरही भाषा व गणित या विषयांत प्रगती झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

मुलाच्या पातळीपासून आरंभ

दिल्लीत २०१५ मध्ये सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या एका प्रयोगात वेगळे चित्र दिसले. शाळेनंतर रोज ९० मिनिटांचे सत्र होते. त्यातील निम्मा वेळ संगणकावर व निम्मा लहान गटात शिक्षकासोबत जाई. संगणक प्रत्येक मुलाची खरी पातळी तपासून तेथूनच प्रश्न देई. चाचणीत असे आढळले की सहावीतील सर्वसाधारण मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते, आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेले होते. अवघ्या साडेचार महिन्यांत या मुलांनी गणितात व हिंदीत लक्षणीय प्रगती केली.

नववीच्या पुस्तकातील धडा पडद्यावर रंगीत चित्रांसह दाखवला, तरी चौथीची वजाबाकी न आलेल्या मुलाला त्याचा उपयोग नसतो. म्हणून साधनाचा पहिला उपयोग मूल नेमके कोठे अडले आहे हे शोधण्यासाठी व्हावा.

परितेवाडीचा धडा

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. कविता, गोष्टी व स्वाध्याय त्यामुळे मुलांना ऐकता व पाहता येऊ लागले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनीही ही पद्धत स्वीकारली. २०२० मध्ये श्री. डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

तथापि, घरातील एकमेव फोन वडिलांबरोबर शेतावर गेला असेल, तर पुस्तकातील कोड मुलासाठी केवळ शाईचा ठिपका राहतो. फोन हाती आला तरी तो अभ्यासासाठीच वापरला जाईल, असेही नाही. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार देशातील ग्रामीण भागात १४ ते १६ वर्षे वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत होता. मागील आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे सुमारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. ही दरी शाळेच्या मार्गदर्शनानेच कमी होऊ शकेल.

मुख्याध्यापकांनी करावयाची कामे

वरील अनुभवांवरून काही व्यावहारिक सूत्रे हाती लागतात.

१. यंत्राचा तास वेळापत्रकात लेखी नोंदवावा. कोणत्या इयत्तेचा, कोणत्या विषयाचा व कोणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, हे त्यात स्पष्ट असावे.

२. वर्षारंभी वाचन व गणिताची छोटी तोंडी चाचणी घेऊन मुलांचे पातळीनुसार गट करावेत. तीच चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावी. प्रगती नसेल, तर पद्धत बदलावी.

३. मुलगे पुढे व मुली मागे, हुशार मुले यंत्रापाशी व कच्ची मुले खिडकीपाशी, असे होऊ नये म्हणून पाळीची वही ठेवावी.

४. शिक्षकांच्या मासिक सभेत प्रत्येकाने आपण वापरलेला एक पाठ इतरांना करून दाखवावा. एकाच ‘तंत्रस्नेही’ शिक्षकावर शाळा अवलंबून राहिली, तर त्याच्या बदलीबरोबर उपक्रमही संपतो.

५. यंत्र मोडेल या भीतीने ते कुलुपात ठेवू नये. वापराने झालेल्या बिघाडाची नोंद करावी, परंतु त्याचा दोष शिक्षकाच्या माथी मारू नये.

समिती व पंचायत यांचा वाटा

वीज नसेल तर उत्तम संगणकही निरुपयोगी ठरतो. वीजबिल, दुरुस्ती, खोलीची सुरक्षितता व इंटरनेट यांचा वार्षिक खर्च खरेदीच्या वेळीच मोजला पाहिजे. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. या समितीने शाळेच्या विकास आराखड्यात आवर्ती खर्चाची तरतूद सुचवावी व ग्रामपंचायतीने आपल्या विकास आराखड्यात तिची दखल घ्यावी. सायंकाळी शाळेची खोली तासभर उघडी ठेवून गावातील एखाद्या शिकलेल्या तरुणीकडे देखरेख सोपवता आली, तर घरी फोन नसलेल्या मुलांचीही सोय होईल.

तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनीही आपला प्रश्न बदलणे इष्ट ठरेल. शाळेत यंत्रे किती, ही नोंद साठा नोंदवहीत मिळतेच. त्यापेक्षा गेल्या आठवड्यात कोणत्या मुलाने त्यावर काय केले आणि त्याला आता काय येते, हे मुलालाच विचारावे. मुलाने फळ्यापाशी येऊन हातच्याची वजाबाकी अचूक करून दाखवली, तर शासनाचा पैसा सत्कारणी लागला असे खुशाल समजावे.