व्यवस्थित चालतो, पण कुठल्या पाण्यात?

स्कूबा डायव्हिंगचा वापरलेला रेग्युलेटर विकणारा 'एकदम व्यवस्थित चालतो' म्हणाला, की त्याला विचारा : कुठल्या पाण्यात? मी विचारलं होतं. 'हिवाळ्यात स्टोनी कोव्हला उतरायचंय, थंड पाण्यात चालेल ना?' हा माझा निरोप अजून फोनमध्ये आहे आणि त्याखाली त्यांचं उत्तरही. 'ताई, बिनधास्त घ्या. नुकतीच सर्व्हिसिंग केलीय. आपण काय परके आहोत का?' गृहस्थ मराठी, आखातातली नोकरी संपवून इंग्लंडला आलेले. सर्व्हिसिंगची पावती मागितली तर फोटो आला, त्यात अनुक्रमांकावर नेमका अंगठा. पुन्हा मागितली, तेव्हा 'पाठवतो' म्हणाले. ती पावती आजतागायत आलेली नाही.

स्टोनी कोव्ह म्हणजे लेस्टरशरमधली पाण्याने भरलेली जुनी ग्रॅनाइटची खाण. फेब्रुवारीत तिथलं पाणी पाचेक अंशांवर असतं. विसेक मीटरवर, 'स्टेनगार्थ' या बुडवून ठेवलेल्या टगबोटीपाशी, माझ्या तोंडातल्या सेकंड स्टेजमधून हवा धो धो वाहायला लागली ती थांबेचना. त्या खोलीवर फ्री फ्लो सुरू झाला की भरलेला सिलिंडरही काही मिनिटांत संपतो. जोडीदाराने लगेच त्याचा ऑक्टोपस, म्हणजे जादाची सेकंड स्टेज, माझ्या हातात दिला, माझा व्हॉल्व्ह बंद केला आणि आम्ही ठरलेल्या वेगाने वर आलो.

संध्याकाळी त्या गृहस्थांना फोन केला. त्यांनी मी बरी आहे का, हेसुद्धा विचारलं नाही. 'थंडीत घाबरून जोरजोरात श्वास घेतला असेल तुम्ही. आमच्याकडे कधी असं झालं नाही.' जोरात श्वास घेतला की गोठण्याचा धोका वाढतो, हे खरं आहे. पण मी ड्रायसूट घालून अशा पाण्यात अनेक हिवाळे उतरते आहे, आणि त्या वेळी मी स्थिर थांबून बोटीचा कठडा पाहत होते.

उत्तर मिळालं तंत्रज्ञाच्या टेबलावर. सिलिंडरला जोडली जाणारी फर्स्ट स्टेज सीलबंद जातीची, म्हणजे तिच्या स्प्रिंगभोवतीची जागा कोरडी राहायला हवी. बाहेरचा रबरी पडदा कडेला चिरलेला होता. आत पाणी होतं आणि स्प्रिंगवर मिठाचे थर. सिलिंडरमधली दोनशे बारची हवा इथे दहाएक बारवर येते, पसरते आणि कडाक्याची थंड होते. धातू शून्याखाली जातो, स्प्रिंगला लागलेलं पाणी गोठतं आणि झडप उघडीच अडकते. आखातातल्या कोमट समुद्रात हीच चीर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आली नसती. त्यांच्या पाण्यात तो चालत असेल, एवढं मी मान्य करते. पण हे यंत्र कित्येक वर्षांत कुणी उघडलेलं नाही, असं तंत्रज्ञाने स्वच्छ सांगितलं. मग 'नुकतीच सर्व्हिसिंग' कसली?

तेव्हा घेणाऱ्यांनो, आधी टॉर्च मारून हवा आत शिरते त्या तोंडाशी असलेला फिल्टर बघा. हिरवट असेल तर खारं पाणी आत गेलंय, तांबूस असेल तर सिलिंडरचा गंज, काळा असेल तर कॉम्प्रेसरची घाण. मग शिक्का शोधा. युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंशांखालचं पाणी थंड धरतात. त्यासाठी चाचणी न झालेल्या रेग्युलेटरवर '१० अंशांहून अधिक' अशा अर्थाची खूण असते. ऑक्टोपसही तपासा, कारण चांगल्या संचाला भलताच स्वस्त ऑक्टोपस जोडून विकणारे असतात. पावतीवरचा अनुक्रमांक फर्स्ट स्टेजवरच्या आकड्याशी स्वतः ताडून पाहा, फोटोवर जाऊ नका.

सिलिंडर जोडून दोन्ही स्टेजच्या मधल्या दाबाचा गेज लावा. सुई साधारण नऊ-दहा बारच्या दरम्यान जिथे थांबेल तिथेच राहिली पाहिजे. पाच मिनिटं बघत राहा. हळूहळू वर सरकली तर झडपेची आतली सीट गेलेली आहे. सिलिंडर न जोडता धूळटोपी घट्ट लावून सेकंड स्टेजमधून ओढून बघा, हवा येता कामा नये. होजची टोकं वाकवून भेगा बघा. त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का, हे विचारा. घाई करू नका, सोबत जाणकार न्या, हे तर आहेच.

पण बाहेरून एवढं सगळं पाहूनही माझ्या रेग्युलेटरमधली ती चीर दिसली नसती. म्हणून पैसे देण्याआधी तो तंत्रज्ञाकडून उघडून घ्या, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा. विकणारा त्याला तयार नसेल, तर तो कितीही आपला माणूस असो, त्याच्याकडून घेऊ नका.