फराळाला गिऱ्हाईक किती?

प्रश्न : बूढापारात चकली, चिवडा, अनारसे, उपासाची भाजणी असे मराठी पदार्थ करून विकायचे आहेत. दहा लाखांच्या कर्जासाठी बँकेने प्रकल्प अहवालात बाजारपेठेचा आकार मागितला आहे. तो कसा काढावा आणि कोणते आकडे धरावेत?
— एक वाचक, रायपूर

उत्तर : ठरावीक भागातले ठरावीक ग्राहक एखाद्या वस्तूवर वर्षभरात जो खर्च करतात, तो त्या वस्तूच्या बाजारपेठेचा आकार. भाग, ग्राहक आणि काळ यांतले एक जरी मोघम राहिले, तरी पुढचा सगळा हिशेब मोघम होतो. म्हणून ‘भारतातला नमकीनचा बाजार इतक्या हजार कोटींचा’ हे वाक्य बूढापारातल्या उद्योगाच्या अहवालात निरुपयोगी आहे. इंटरनेटवर असे आकडे मुबलक सापडतात. ते कोणी, कधी, किती जणांना विचारून काढले, हे बहुधा दिलेले नसते. ज्या आकड्यामागची पद्धत उघड नाही, तो अहवालात घेऊ नये.

पहिला भरवशाचा आधार जनगणनेचा. 2011 मध्ये रायपूर महापालिकेची लोकसंख्या सुमारे 10 लाख 10 हजार होती. प्रभागवार घरे आणि माणसे प्राथमिक गोषवाऱ्यात मिळतात, मातृभाषेनुसार लोकसंख्या सी-16 या तक्त्यात. नागपूरकर भोसल्यांचा अंमल आणि पुढे मध्य प्रांत, यांमुळे रायपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तात्यापारा हे मोहल्ल्याचे नावच ती ओळख सांगते. पण घरे किती, हे ओळखीपाळखीच्या भरवशावर न ठरवता तक्त्यातूनच घ्यावे. आकडे जुने आहेत आणि पुढची जनगणना 2027 ची. मधली वाढ धरायची तर तिचा दर अहवालात स्पष्ट लिहावा.

दुसरा आधार केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च पाहणीचा. 2023-24 च्या पाहणीत अडीच लाखांहून अधिक कुटुंबांकडून माहिती घेतली गेली. छत्तीसगडच्या शहरी भागात दरडोई मासिक खर्च 4,927 रुपये निघाला, देशाची शहरी सरासरी 6,996 होती. राज्यांमध्ये छत्तीसगडचा आकडा सर्वांत कमी आहे, म्हणून पुण्यातल्या दुकानाचे दरपत्रक समोर ठेवून रायपूरचा हिशेब मांडता येत नाही. दहा लाख लोकसंख्या धरली तर शहराचा वार्षिक खर्च सुमारे 5,912 कोटी होतो. देशभरातल्या शहरी घरांत पेये, नाश्ता आणि तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा साधारण 11 टक्के आहे. तो लावला की 650 कोटी येतात. यात चहा, बिस्किटे, हॉटेलचे जेवण सगळे आले. ही फक्त वरची मर्यादा आहे. ‘यातला एक टक्का तरी मिळेलच’ असे लिहिणे ही सर्वांत घातक चूक, कारण एक टक्का म्हणजे वर्षाला साडेसहा कोटी.

शेअर बाजारात उतरलेल्या नमकीन कंपन्यांची माहितीपत्रके सेबीच्या संकेतस्थळावर वाचता येतात. त्यांत बाजाराचे तपशीलवार वर्णन असते, मात्र तो भाग पुष्कळदा कंपनीनेच पैसे देऊन करून घेतलेला असतो. प्रवाह समजण्यासाठी तो वाचावा, आकड्यासाठी नव्हे.

खरा आकडा खालून मोजत वर जातो. बूढापारा, तात्यापारा, चौबे कॉलनी इथली शंभर-दीडशे घरे प्रत्यक्ष विचारावीत : गेल्या दिवाळीत फराळ विकत आणला का, किती किलो, कोणत्या भावाने? ‘आवडेल का?’ हा प्रश्न विचारूच नये, त्याला सगळे हो म्हणतात. बूढापारातल्या शाळेला ज्यांचे नाव आहे, त्या माधवराव सप्रे यांचे ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक जानेवारी 1900 मध्ये निघाले आणि हिंदी पत्रकारितेत मानाचे ठरूनही आर्थिक अडचणीमुळे 1902 अखेर थांबले. स्तुती करणारे वेगळे, पैसे मोजणारे वेगळे.

उदाहरणादाखल 4,000 मराठी घरे मानू. चारांतले एक घर बाहेरून घेते आणि वर्षाला 2,400 रुपये खर्चते असे धरले, तर बाजार 24 लाखांचा. त्यातला पाचवा हिस्सा मिळाला तर 4 लाख 80 हजार, म्हणजे महिन्याला 40 हजारांची विक्री. बेसन, तेल, गॅस, मजुरी त्यातूनच. दहा लाखांचे कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे 21,700 रुपये बसतो. हे गणित जुळत नाही.

आकडे प्रत्यक्ष पाहणीतून बदलतील. हिंदी आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या घरांतही चकली-चिवडा खपतो असे दिसले तर ती घरे वेगळ्या ओळीत, वेगळ्या प्रमाणाने मांडावीत. पण त्या पाहणीआधी दहा लाखांचे कर्ज उचलू नये. पहिली दिवाळी मुद्रा योजनेच्या शिशु गटातल्या 50 हजारांपर्यंतच्या कर्जावर काढावी आणि त्या विक्रीची वही घेऊनच मोठ्या कर्जासाठी बँकेत जावे.