कामावरच्या अपघाताचे बिल: दाद कुठे मागायची?

प्रश्न: जून २०२५ मध्ये कारखान्यात प्रेसखाली माझा हात सापडला. मालक बिल भरत नाही. रुग्णालयाचा तगादा सुरू आहे. मालकावर दिवाणी दावा लावू का?
– एक कामगार, चाकण

उत्तर: दिवाणी दावा नको, आणि घाबरूही नका. तुमच्या अपघाताच्या वेळी कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ लागू होता (तो नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द झाला); त्याच्या कलम ४(२-अ) नुसार उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा आहे. हा वाद या कायद्याखालील कर्मचारी भरपाई आयुक्तांपुढे चालतो. कलम १९ मुळे दिवाणी न्यायालयाला तो चालवण्याचा अधिकार नाही. महाराष्ट्रात आयुक्तांचे हे काम कामगार न्यायालय पाहते. अपघातापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करा. बिले, पावत्या, डिस्चार्ज कार्ड जोडा. रुग्णालय मात्र तुमच्यावर दिवाणी दावा लावू शकते. त्यांना अर्जाची प्रत देऊन लेखी मुदत मागा. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर आयुक्तांकडे अर्जाचा मार्ग बंद. थेट ईएसआय कार्यालय गाठा.